टीव्ही गेमची घडण-साधने आणि देवनागरी अक्षर : एक चिकित्सा

प्रस्तावना

साहित्याची समीक्षा करताना आपण कृतीचा विचार करतो, कर्त्याचा करतो, वाचकाचाही करतो. परंतु ज्या साधनाने कृती घडते त्या साधनाची समीक्षा मराठीत क्वचितच होते. बोरू, टाक, खिळा, टंकलेखन यंत्र आणि संगणक यांनी लेखनाचे स्वरूप बदलले, हे आपण मान्य करतो. मात्र या साधनांच्या पोटात कोणती गृहीतके दडलेली असतात, ती कोणाला लिहू देतात आणि कोणाला अडवतात, हा प्रश्न बहुधा तंत्रज्ञांकडे सोपवून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात एका अगदी साध्या आणि वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या उपकरणाच्या निमित्ताने हा प्रश्न मांडण्याचा प्रयत्न केला आहे. ते उपकरण म्हणजे टीव्हीला जोडून खेळावयाचा आठ-बिटी व्हिडिओ गेम. ज्या साधनांच्या साहाय्याने आज जगभरातील हौशी मंडळी या जुन्या उपकरणासाठी घरबसल्या नवे खेळ तयार करतात, ती साधने हा प्रस्तुत चिकित्सेचा विषय आहे.

या चिकित्सेसाठी तीन निकष स्वीकारले आहेत. साधन यंत्राचे अंतरंग शिकणाऱ्याला कितपत उघडे करून दाखवते, हा पहिला निकष. सामान्य महाविद्यालयातील विद्यार्थ्याला ते कितपत हाताळता येते, हा दुसरा. त्या साधनात मराठी अक्षराला जागा आहे काय, हा तिसरा. पहिल्या दोन निकषांवर ही साधने बहुतांशी उतरतात. तिसऱ्या निकषावर ती अपुरी पडतात. परंतु हा अपुरेपणा यंत्राच्या मर्यादेतून आलेला नसून साधन घडविणाऱ्यांच्या गृहीतकातून आलेला आहे, आणि तो दूर करण्याची रीत मराठी मुद्रणाच्या इतिहासात पूर्वीच सापडलेली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

१. आपल्या घरातील टीव्ही गेम

निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' नावाचे उपकरण बाजारात आणले. १९८५ पासून ते अमेरिकेत 'एनईएस' या नावाने विकले गेले. भारतात ते 'सामुराई' या नावाने परवान्यासह आले खरे. परंतु मध्यमवर्गीय आणि निमशहरी घरांत पोहोचल्या त्या त्याच्या स्वस्त नकला. 'मीडिया' कंपनीचा 'लिटल मास्टर' हे त्यांपैकी एक परिचित नाव. पुढे चिनी बनावटीच्या अनाम नकलांनी बाजारपेठा, जत्रा आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने भरून गेली. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही उन्हाळ्याच्या सुटीत मुलांचे घोळके ज्या यंत्राभोवती जमत, ते हेच. त्याच्या खेळाच्या पेटीस आपण 'कॅसेट' म्हणत होतो. 'मारिओ', 'कॉन्ट्रा', 'डक हंट' ही नावे मराठी बोलण्यात सहज रुळली होती.

या प्रसाराची एक बाजू विचार करण्याजोगी आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या मूळ यंत्रात एक कुलूपचिप बसविलेली होती. कंपनीच्या संमतीवाचून कोणाचीही कॅसेट त्यात चालू नये, अशी ती योजना होती. जपानी फॅमिकॉममध्ये ती चिप नव्हती आणि त्याच्या नकलांमध्येही नव्हती. म्हणजे आपल्या घरातील टीव्ही गेम हे तांत्रिकदृष्ट्या खुले यंत्र होते. त्यावर कोणीही लिहिलेला खेळ चालू शकला असता. तरीही त्यावर मराठीत कोणी लिहिले नाही, कारण ते लिहिता येते हेच कोणी सांगितले नव्हते. दार उघडे होते; दार आहे ही वार्ता मात्र पोहोचली नव्हती.

यातील विरोधाभास कळफलकासह येणाऱ्या नकलांमध्ये अधिक ठळक होतो. 'टीव्ही कॉम्प्युटर' म्हणून विकल्या जाणाऱ्या या यंत्रांच्या कॅसेटमध्ये टंकलेखनाचा सराव, अंकगणिताचे खेळ आणि पुष्कळदा 'जी-बेसिक' नावाची आज्ञावलीची भाषा असे. ही भाषा म्हणजे निन्टेन्डोने हडसन व शार्प या कंपन्यांच्या साहाय्याने १९८४ मध्ये आणलेल्या 'फॅमिली बेसिक'ची विनापरवाना नक्कल होय. म्हणजे खेळ घडविण्याचे एक प्राथमिक साधन चारशे-पाचशे रुपयांच्या खेळण्यातून आपल्या घरात येऊन बसले होते. मुलांनी यादीतील ते नाव उघडले, रिकामा पडदा पाहिला आणि पुन्हा 'मारिओ'कडे वळली. सोबत मार्गदर्शनाचे पुस्तक नव्हते; मराठीतील तर नव्हतेच.

२. 'होमब्रू' : संकल्पना आणि यंत्राचे अंतरंग

मूळ उत्पादकाने ज्या यंत्राचा व्यापार थांबविला आहे, त्या यंत्रासाठी हौशी व्यक्तींनी स्वतंत्रपणे घडविलेल्या आज्ञावलींना 'होमब्रू' अशी संज्ञा आहे. मराठीत तिला 'घरघडणीचे खेळ' म्हणता येईल. जुन्या खेळांच्या चोरट्या प्रती आणि घरघडणीचे खेळ यांत भेद केला पाहिजे. पहिल्या प्रकारात दुसऱ्याची कृती उचललेली असते. दुसऱ्यात यंत्र जुने असले तरी कृती नवी व स्वतःची असते.

या यंत्राचा मेंदू म्हणजे १९७५ मध्ये आलेल्या ६५०२ या सूक्ष्मप्रक्रियकाची रिको कंपनीने केलेली आवृत्ती. त्याची गती सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार स्पंदांची. कामचलाऊ स्मृती अवघी २ किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट. आजच्या युनिकोड व्यवस्थेत साठवणुकीसाठी रूढ असलेल्या पद्धतीने देवनागरीतील एका चिन्हास तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने या यंत्राच्या संपूर्ण स्मृतीत ६८२ चिन्हे मावतील. प्रस्तुत लेखाचा एक मध्यम परिच्छेदही त्यात जेमतेम बसेल. पडद्यावर २५६ गुणिले २४० ठिपके. हे ठिपके सुटे रंगविता येत नाहीत. आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन आधी आखून ठेवावयाचे आणि ते ३२ स्तंभ व ३० ओळींच्या जाळीत मांडावयाचे. असा एक चौकोन म्हणजे 'टाइल'. पार्श्वभूमीसाठी एका वेळी २५६ टाइल उपलब्ध असतात आणि हलणाऱ्या आकृत्यांसाठी आणखी २५६. हलणाऱ्या आकृत्या एका वेळी ६४ आणि एका आडव्या रेषेत फार तर आठ. एका वेळी पडद्यावर दिसणारे रंग पंचवीस.

ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या कोणासही ही शिस्त परकी वाटणार नाही. ठिपके मोजून मांडल्याशिवाय रेषा ओढता येत नाही आणि ठिपक्यांची संख्या ठरली की कोणती आकृती शक्य आहे हेही बरेचसे ठरते. जर्मनीतील मॉर्फकॅट या छोट्या गटाचा 'मायक्रो मेजेस' (२०१९) हा खेळ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसविताना त्यांनी आकृतीचा अर्धा भाग आखून तो उलटा करून दुसरा अर्धा मिळविला आणि लहान चौकोनांच्या जुळणीतून मोठी दृश्ये उभी केली. वृत्ताच्या बंधनात शब्द नेमका होतो, असे आपण काव्याविषयी म्हणतो; येथे बंधनामुळे आकृती नेमकी झाली आहे.

३. प्रमुख साधनांची समीक्षा

अ) असेंबली आणि तिची पाठमाला. सर्वांत जुना मार्ग म्हणजे यंत्राच्या मूळ आज्ञा थेट लिहिणे. 'एनईएसएएसएम' व 'सीए-६५' हे या कामाचे प्रचलित अनुवादक आहेत. ब्रायन पार्कर यांच्या 'नर्डी नाइट्स' या पाठमालेने एक पिढी या मार्गावर आणली. पहिली आज्ञावली पूर्ण होते तेव्हा विद्यार्थ्याच्या पडद्यावर केवळ एक सपाट रंग उमटलेला असतो. हे यश किरकोळ वाटेल. परंतु तो रंग का उमटला याचे प्रत्येक कारण विद्यार्थ्यास ठाऊक असते. पारदर्शकतेच्या निकषावर या मार्गास तोड नाही. मात्र संयमाची अपेक्षा मोठी आहे आणि सर्व स्पष्टीकरण इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास यंत्राची व भाषेची अशा दोन परीक्षा एकदम द्याव्या लागतात.

आ) 'सीसी-६५'. जॉन डनिंग यांनी अटारी संगणकांसाठी लिहिलेला आणि पुढे उलरिच फॉन बासेविट्झ यांनी वाढविलेला हा 'सी' भाषेचा अनुवादक विनामूल्य व मुक्तस्रोत आहे. 'शिरू' या टोपणनावाने लिहिणाऱ्या आज्ञावलीकाराच्या 'एनईएसलिब' या संग्रहाची जोड मिळाल्यावर पडद्यावर अक्षर टाकणे, आकृती हलविणे, ध्वनी वाजविणे ही कामे एकेका ओळीची होतात. आपल्या बी.एस्सी. संगणकशास्त्र आणि बी.सी.ए.च्या विद्यार्थ्यांना 'सी' भाषा परिचित असते. त्यामुळे सुलभतेच्या निकषावर हे साधन आपल्या वर्गखोलीस सर्वांत जवळचे ठरते. अनुवादकाने घडविलेली आज्ञावली हाताने लिहिलेल्या असेंबलीपेक्षा संथ चालते, हा त्याचा दोष खरा; परंतु तो दोष प्रत्यक्ष मोजता येतो, हीच त्याची शैक्षणिक उपयुक्तता आहे.

इ) 'एनईएसमेकर'. जो ग्रॅनॅटो आणि त्यांचे सहकारी यांनी लोकवर्गणी उभारून २०१८ मध्ये हे साधन आणले. यात आज्ञा लिहिण्याची गरज बव्हंशी उरत नाही. टाइल निवडावयाच्या, पात्रे ठेवावयाची, नियम नेमावयाचे आणि कळ दाबावयाची. ज्यांनी कधी आज्ञावली लिहिली नाही अशा अनेकांचे खेळ यामुळे पूर्ण झाले, हे श्रेय त्यास दिले पाहिजे. तथापि साहस-खेळ, उड्यांचा खेळ असे ठरावीक साचे ते पुढे करते आणि त्या साच्यात न बसणारी कल्पना आली की वापरणाऱ्याला अखेर असेंबलीकडेच वळावे लागते. शिवाय ते विकत घ्यावे लागते आणि विंडोजवरच चालते. मासिकांच्या ठरावीक मागणीने कथेचा आकार ठरावा, तसा येथे साधनाच्या सोयीने खेळाचा आकार ठरतो. सुलभता अधिक, पारदर्शकता कमी, असा या साधनाचा निवाडा करावा लागेल.

ई) न्याहाळणीची साधने. 'एफसीईयूएक्स' आणि 'मेसेन' हे अनुकारक, म्हणजे संगणकावर जुन्या यंत्राची हुबेहूब वर्तणूक घडविणारे कार्यक्रम, प्रत्यक्ष यंत्राची गरज संपवितात. त्यांत आज्ञावली मध्येच थांबवून स्मृतीतील प्रत्येक बाइट पाहता येतो. स्टीव्हन हग यांचे '८बिटवर्कशॉप' हे साधन तर ब्राउझरमध्येच लिहिण्याची व पाहण्याची सोय करते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दहा वर्षांपूर्वीचे संगणक असले तरी या कामास ते पुरेसे आहेत. अनुदानाच्या प्रतीक्षेत राहणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

अशा साधनांच्या शैक्षणिक वापराचा दाखलाही उपलब्ध आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात २००४ मध्ये बॉब रॉस्ट यांनी विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवावयाच्या योजनेत याच यंत्रासाठी खेळ घडविण्याचा अभ्यासक्रम चालविला आणि त्यासाठी 'एनबेसिक' ही सुलभ भाषाही रचली. भारतीय संदर्भात 'प्लेपॉवर' या उपक्रमाचा उल्लेख अपरिहार्य आहे. २००८ च्या सुमारास डेरेक लोमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बाजारात मिळणाऱ्या सुमारे बारा डॉलर किमतीच्या टीव्ही कॉम्प्युटरकडे जगाचे लक्ष वेधले. मूळ यंत्राच्या पेटंटांची मुदत संपलेली असल्याने त्यावर शैक्षणिक खेळ घडवून ते गरीब घरांत पोहोचविता येतील, अशी त्यांची कल्पना होती. पुढे स्वस्त स्मार्टफोन आणि स्वस्त इंटरनेट आले व उपकरण म्हणून टीव्ही कॉम्प्युटरची निकड ओसरली. परंतु त्या उपक्रमाने दाखविलेली एक गोष्ट टिकून आहे : जे खेळणे आपण टाकाऊ समजत होतो, ते जगातील अभ्यासकांना शिक्षणाचे साधन वाटले.

४. आठ गुणिले आठचा चौकोन आणि देवनागरी

आता तिसऱ्या निकषाकडे वळू. वरील सर्व साधनांमध्ये पडद्यावर मजकूर टाकण्याची रीत एकच आहे : एक बाइट म्हणजे एक अक्षर आणि एक अक्षर म्हणजे एक टाइल. रोमन मोठी अक्षरे २६, अंक दहा आणि थोडी विरामचिन्हे धरून सुमारे चाळीस टाइलमध्ये इंग्रजीचे काम भागते. उरलेल्या दोनशेहून अधिक टाइल चित्रांसाठी मोकळ्या राहतात. 'सीए-६५'मध्ये अक्षरसंकेत बदलण्याची आज्ञा आहे. परंतु तीही एका बाइटच्या जागी दुसरा एक बाइट ठेवते. तीन बाइटांचे एक चिन्ह आणि अशा तीन-चार चिन्हांचे एक जोडाक्षर ही कल्पनाच तिच्या आवाक्यात नाही.

देवनागरी अक्षर आठ ओळींच्या चौकोनात कोंबून पाहिल्यास काय होते, याचा हिशेब आलेख-कागदावर कोणालाही करता येईल. शिरोरेषेस एक ओळ. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार व रफार यांना किमान दोन. खाली उकार व रकार यांना दोन. अक्षराच्या देहासाठी उरतात तीन ओळी. तीन ओळींत 'घ' व 'ध' किंवा 'भ' व 'म' यांतील भेद दाखविता येत नाही. म्हणून सोळा गुणिले सोळाचे, म्हणजे चार टाइलचे, अखंड अक्षर घ्यावे तर २५६ टाइलमध्ये ६४ अक्षरे बसतात आणि चित्रांसाठी एकही टाइल उरत नाही. इकडे 'क्ष' व 'ज्ञ' धरून छत्तीस व्यंजनांची बाराखडीच ४३२ अक्षरांची होते, जोडाक्षरे वेगळीच. या आकड्यांवरून 'हे यंत्र मराठीसाठी नाही' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि तसा तो न बोलता काढलाही गेला आहे.

तुलनेसाठी जपानी उदाहरण पाहावे. 'फॅमिली बेसिक'मध्ये काताकाना लिपी होती, कारण ती सुट्या, लहान आणि मोजक्या आकारांची लिपी चौकोनात सहज बसते. तरीही १९८६ मधील 'ड्रॅगन क्वेस्ट' या प्रसिद्ध खेळात जागा वाचविण्यासाठी काताकानातील मोजकीच अक्षरे घेतली गेली आणि शत्रूंची व मंत्रांची नावे त्या अक्षरांतूनच बेतली गेली. म्हणजे ज्यांच्यासाठी यंत्र घडले, त्यांनाही त्यात आपली लिपी युक्तीनेच बसवावी लागली. फरक इतकाच की त्यांनी ती बसविली.

५. छापखान्याचा धडा

मराठीपुढे हा प्रश्न प्रथमच आलेला नाही. शिशाच्या खिळ्यांनी मराठी छापावयास सुरुवात झाली तेव्हा नेमकी हीच अडचण होती. प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक जोडाक्षर अखंड ओतावे तर खिळ्यांची संख्या शेकड्यांनी वाढते व जुळाऱ्याचे हात दुखू लागतात. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी अक्षराचे भाग पाडून ते जुळविण्याची रीत अवलंबिली. पुढे 'डिग्री' पद्धत म्हणून ती रूढ झाली. लोकमान्य टिळकांनीही 'केसरी'च्या छपाईच्या निमित्ताने देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नात लक्ष घातले होते. या सर्व परंपरेचा विस्तृत आढावा बापूराव नाईक यांनी 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' (१९७१) या ग्रंथात घेतला आहे.

ही रीत टाइलला लावून पाहू. अक्षराची ओळ एकावर एक अशा तीन टाइलची मानावी : वरचा थर मात्रांचा, मधला देहाचा, खालचा उकारांचा. मधल्या थरातील प्रत्येक टाइलच्या पहिल्या ओळीत शिरोरेषा ओढावी. टाइलच्या जाळीत दोन चौकोनांमध्ये फट नसते. त्यामुळे शिरोरेषा आपोआप अखंड होते. रोमन अक्षरांना दोन अक्षरांत अंतर राखण्यासाठी टाइलमधील एक स्तंभ रिकामा सोडावा लागतो. देवनागरीस तो सोडावा लागत नाही. जे बंधन अडचणीचे वाटत होते, ते येथे उलट सोयीचे ठरते.

दुसरी सोय काना देतो. ग, च, त, न, प, म, य, व, स यांसारखी बहुसंख्य व्यंजने म्हणजे अर्धे अक्षर आणि दंड. तो दंड एकदाच आखावा. अर्ध्या अक्षरापुढे दंड ठेवला की पूर्ण अक्षर मिळते. आणखी एक दंड ठेवला की काना मिळतो. दंड ठेवलाच नाही की जोडाक्षरासाठी अर्धे अक्षर आयतेच हाती राहते. पहिल्या वेलांटीसाठी तोच दंड अक्षराआधी ठेवून वरच्या थरात वळण द्यावे. व्यंजनांचे देह, स्वर, वरची व खालची चिन्हे, न फुटणारी काही जोडाक्षरे, अंक आणि विरामचिन्हे मिळून प्रस्तुत लेखकाच्या हिशेबाने नव्वदच्या आसपास टाइल लागतात. पार्श्वभूमीच्या २५६ पैकी दीडशेहून अधिक टाइल चित्रांसाठी उरतात; हलणाऱ्या आकृत्यांच्या टाइलना तर हातच लागत नाही. पडद्यावर दहा ओळी आणि एका ओळीत सोळा ते वीस अक्षरे मावतात. कादंबरी त्यात वाचता येणार नाही. परंतु खेळातील संवाद, कोडे वा म्हण निश्चित वाचता येईल.

मराठीचे स्वतःचे आग्रहही यात पाळता येतात. 'ळ' हवा, 'ॲ' व 'ऑ' हवेत, 'दऱ्या', 'वाऱ्या' या शब्दांतील र हवा, 'ल' आणि 'श' यांची वळणे मराठी हवीत. वर्णमालेविषयीच्या २००९ च्या आणि २०२२ मध्ये सुधारलेल्या शासन निर्णयांनी जे प्रमाणित केले आहे, ते आठ ठिपक्यांच्या रुंदीतही पाळण्याचा प्रयत्न झाला पाहिजे. दुसऱ्यांनी हिंदीसाठी आखलेले वळण आयते उचलल्यास ही चिन्हे गळून पडतील.

आता उरतो जुळाऱ्याचा प्रश्न. मराठी मजकुराचे तीन थरांच्या टाइल-क्रमांकांत रूपांतर कोणी करावयाचे? येथे पुण्याच्या सी-डॅकचा अनुभव मार्गदर्शक आहे. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये आरंभ होऊन सी-डॅकमध्ये विकसित झालेल्या 'जिस्ट' तंत्रज्ञानाने साध्या संगणकाच्या रोमन अक्षरांच्या पडद्यावर भारतीय लिप्या उमटविल्या. त्यामागील तत्त्व, जे १९९१ च्या 'इस्की' या मानकातही आहे, असे की उच्चारानुसारी संकेत एकीकडे ठेवावा, दृश्य आकार दुसरीकडे ठेवावा आणि दोहोंमध्ये जुळणीचे नियम असावेत. टीव्ही गेमसाठी हे काम खेळ चालताना करण्याची आवश्यकताही नाही. खेळ घडविताना विद्यार्थ्याच्या संगणकावरच एक छोटा कार्यक्रम मराठी वाक्य वाचील आणि टाइल-क्रमांकांच्या तीन ओळी लिहून देईल. जुन्या यंत्रावर त्याचा कोणताही भार पडणार नाही.

अखंड अक्षरांचा आग्रह धरणाऱ्यांसाठीही मार्ग बंद नाही. काही कॅसेटमध्ये टाइल कायमस्वरूपी नसून खेळ चालू असताना बदलता येतात. दोन चित्रांमधील रिकाम्या क्षणात यंत्रास सुमारे २२७० स्पंद मिळतात. एक बाइट पाठविण्यास आठ स्पंद धरल्यास, इतर कामे वजा जाता, सहज दहा टाइल, म्हणजे चार टाइलची दोन अखंड अक्षरे, बदलता येतात. सेकंदाला पन्नास-साठ चित्रे उमटत असल्याने हा वेग कोणत्याही वाचकाच्या वाचनाहून कितीतरी अधिक आहे. सारांश, यंत्राने देवनागरीस कधीच नकार दिलेला नव्हता.

६. आक्षेपांचा विचार

चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रावर विद्यार्थ्यांचा वेळ का खर्च करावा, हा पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. नोकरीच्या बाजारात ६५०२ ची आज्ञावली कोणी विचारीत नाही, हे मान्य. परंतु आपल्याकडे संगणक-साक्षरतेचा अर्थ दोन दशके 'तयार कार्यक्रम चालविता येणे' असा राहिला. विद्यार्थ्याने पत्र टंकित केले, तक्ता भरला, अर्ज ऑनलाइन पाठविला. यंत्र आत काय करते, हे पाहण्याची संधी त्यास मिळाली नाही. आजचे यंत्र इतके गुंतागुंतीचे आहे की ते संपूर्णपणे एका माणसाच्या डोक्यात मावतही नाही. ६५०२ मावते. एका सत्रात विद्यार्थी त्याची प्रत्येक आज्ञा, प्रत्येक बाइट आणि प्रत्येक ठिपका समजून घेऊ शकतो. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी एक फूल पाकळी-पाकळीने उकलून पाहतो, त्याच्या तोडीचा हा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप स्मरणरंजनाचा. पाश्चात्त्य देशांतील घरघडणीच्या चळवळीत बालपणाच्या आठवणींचा वाटा मोठा आहे आणि पुष्कळ खेळ जुन्या खेळांची पुनरावृत्ती करतात, ही टीका रास्त आहे. आपल्याकडे मात्र परिस्थिती निराळी आहे. आपल्या आठवणीतील त्या पडद्यावर आपले अक्षर नव्हतेच. त्यामुळे मराठी खेळ घडविणे हे गतकाळाकडे परतणे ठरणार नाही. राहून गेलेले काम हाती घेणे ठरेल.

तिसरा आक्षेप आशयाचा : मराठी अक्षर आणून सांगावयाचे काय? उदगीरसारख्या ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. येथील किल्ला आणि १७६० ची उदगीरची लढाई हा एक विषय. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारपेठेत कानी पडतात, हा दुसरा. त्या चार भाषांतील एकाच अर्थाच्या शब्दांची जुळणी हाच एक खेळ होऊ शकतो. त्यात कन्नडची शिरोरेषेविना गोलाई आणि उर्दूची तिरकी उतरती जोडणी टाइलमध्ये कशी बसवावी, हे देवनागरीहून अवघड प्रश्न उभे राहतील. २०२२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावी भरले. भाषेच्या भवितव्याची चिंता तेथे व्यक्त होणे स्वाभाविकच होते. त्या चिंतेस एखाद्या वर्गखोलीत कृतीचे रूप देता येईल, तर ते लहान असले तरी मोलाचे ठरेल.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, टीव्ही गेमसाठीची घरघडणीची साधने पारदर्शकतेच्या दृष्टीने असाधारण आहेत. त्यांपैकी 'सीसी-६५' व अनुकारक ही जोडी आपल्या महाविद्यालयांस सर्वाधिक अनुरूप आहे, तर 'एनईएसमेकर' सुलभ असूनही यंत्राचे अंतरंग झाकते. दोन, या साधनांतील 'एक बाइट, एक अक्षर, एक टाइल' हे गृहीतक रोमन लिपीतून आले असून ते यंत्राचे बंधन नाही. तीन, अक्षराचे भाग पाडून जुळविण्याची मराठी छापखान्याची रीत टाइलच्या जाळीस चांगली लागू पडते. चार, त्यासाठी उणीव आहे ती केवळ एका छोट्या संगणकीय जुळाऱ्याची आणि मराठीतील एका पाठमालेची.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमांना वाव दिला आहे. संगणकशास्त्राने जुळाऱ्याचा कार्यक्रम लिहावा, मराठी विभागाने चिन्हांची यादी व जोडाक्षरांचे नियम द्यावेत, चित्रकलेची जाण असलेल्या विद्यार्थ्यांनी नव्वद टाइल आखाव्यात आणि इतिहास विभागाने संहिता तपासावी, अशी एक सत्राची योजना कोणत्याही महाविद्यालयास विशेष खर्चावाचून राबविता येईल. सुरुवात आलेख-कागदावर, आठ गुणिले आठच्या चौकोनात 'अ' आखण्यापासून करावी. तो चौकोन अपुरा पडतो, हे विद्यार्थ्याच्या पहिल्याच प्रयत्नात लक्षात येईल. आणि का अपुरा पडतो, हे शोधू लागताच तो साधनांचा केवळ वापरकर्ता राहणार नाही.